कवठे येमाईच्या गायरानात दादांची साद

माझ्या लग्नाला सहा आठवडे उरले होते आणि माझे वडील तोंड उघडायला तयार नव्हते, म्हणून आम्ही बापलेक तित्तरांच्या शिकारीला गेलो. वाक्य विचित्र आहे, पण त्याला माझा इलाज नाही. घडलं ते असंच घडलं.

साल अठ्ठ्याहत्तर, मार्च महिना. तेव्हा लहान शिकारीचं लायसन मिळायचं आणि आमच्या दादांकडे ते होतं. आज तित्तर मारणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा, तेव्हा बंदुकीबद्दल कुणी विचारत बसू नका. मागच्या महिन्यात दोघातिघांनी विचारलं होतं की दौंड-शिरूरकडच्या माळावर पाखरं बघायला कुठं जावं आणि कधी जावं. त्यांच्यासाठी रस्ता, वेळ, सगळं खाली येईलच. पण मला नुसता रस्ता सांगता येत नाही, रस्त्याबरोबर माणसंही येतात. घाई असेल त्यांनी मधले परिच्छेद गाळावेत.

दादा म्हणजे माझे वडील. जवानीची वर्षं पलटणीत तोफांशेजारी काढली, मग दौंडात एका गोदामावर बंदूकवाले राखणदार म्हणून वीस वर्षं नोकरी केली. एकनळी बारा बोअरची बंदूक स्वतःची. कान तोफांनीच खाल्ले होते, पण पन्नाशी उलटल्यावर फारच बिघडले. उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर कळायचं, डावा तर नावालाच. माणूस मात्र मोठा बोलका. आमच्या बौद्ध वस्तीत कुणाचंही लग्न असो, त्रिशरण-पंचशील म्हणायला दादाच उभे राहायचे. आवाज असा खणखणीत की कर्ण्याची गरज नसायची.

मग एका लग्नात फजिती झाली. ऐकू येत नसल्यामुळे लोक थांबले तरी दादा पुढे म्हणतच राहिले, तेही सप्तकाच्या वरच्या टोकाला. तरणी पोरं खो खो हसली. दादांना हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्या दिवसापासून दादांनी लोकांत बोलणं सोडलं ते सोडलंच. विहारात गेले तरी मागे बसायचे. घरातसुद्धा मानेनं हो-नाही. विचारलं तर एवढंच म्हणायचे की आवाज तोंडातून निघाल्यावर कुठं जातो ते मला कळत नाही, मग सोडू कशाला.

माझं लग्न ठरलं कासुर्डीच्या मुलाशी. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, तो पोस्टात. सगळं पसंत होतं, फक्त दादांनी सांगून टाकलं की लग्न लावायला पुण्याहून कुणाला तरी बोलवा. मी भांडले. अहो, गावातल्या सगळ्या पोरींची लग्नं माझ्या बापानं लावायची आणि माझ्या वेळी परका माणूस आणायचा? मला दुसऱ्या कुणाच्या आवाजात लग्न नको होतं. पण बहिऱ्या माणसाशी भांडणं म्हणजे काय डोक्याला ताप असतो ते ज्याचं त्यालाच कळतं. त्यानं मान फिरवली की तुमचं भांडण संपलं.

मार्चअखेर लायसनची मुदत संपत होती आणि दादांनी बंदूक विकायचं मनात घेतलं होतं. मी म्हटलं, विकायच्या आधी एकदा मावशीकडं कवठ्याला जाऊन येऊ, माळावर तित्तरं आहेत. मला वाटलं होतं नाही म्हणतील. पण शिकारीत माणसांशी बोलावं लागत नाही, म्हणून तयार झाले असावेत. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. फागुन-चैतात तित्तराचा नर पहाटे उंचवट्यावर उभा राहून ओरडतो, आणि दादा ती साद तोंडानं हुबेहूब घालायचे. साद ऐकली की खरा नर चिडून अंगावर येतो, आपल्या जागेत दुसरा कोण आला म्हणून. मला दादांचं तोंड उघडायचं होतं. माणसांसाठी नाही तर पाखरांसाठी, पण उघडायचं होतं.

शुक्रवारी सकाळी दौंडहून एसटी धरली. पाटस, वरवंड, चौफुल्याला उजवीकडे वळून केडगाव, पारगावला भीमा ओलांडायची, मग न्हावरा आणि शिरूर. आजही तोच रस्ता आहे, फक्त तेव्हा चार तास लागले आणि आता गाडीनं दीड तासात पोचाल. दुतर्फा तेव्हा ऊस नव्हता. ज्वारी निघून गेलेली, काळी शेतं भेगाळलेली, मधेच एखाद्या विहिरीजवळ हिरवा गव्हाचा तुकडा. घोंगडीत गुंडाळलेली बंदूक मी मांडीवर आडवी धरून बसले होते. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, ताई, सतरंजी का? मी म्हटलं, नाही, बंदूक. त्यानं लायसन बघितलं, दादांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे गेला. शिरूरपर्यंत मागचं अख्खं बाकडं आमचं होतं.

शिरूरच्या स्टँडवर मिसळ खाल्ली. तिखट म्हणजे जाळ, पण वर शेव चिक्कार. तिथून मलठणवरून कवठे येमाईची गाडी दुपारी मिळाली. मावशीचं घर गावाच्या कडेला, बौद्ध वस्तीत. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आई आम्हाला लवकर सोडून गेली, म्हणून मावशीचा माझ्यावर जीव. तिनं बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, पाव्हणं बोलाय लागलं का? मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, मग जा, रान दाखव त्यांना, रान कुणाला मुकं ठेवत न्हाई.

कवठ्याचं गायरान गावापासून पाऊण तासावर. सरकारी पडीक माळ, कुणाच्या नावावर नसलेला. मुरमाच्या टेकाडांवर तरवड, बोरी, मधेच एखादं हिवराचं झाड, आणि गुडघ्याएवढं वाळलेलं कुसळ. चपला घालून जाऊ नका, कुसळ पायात घुसतं ते आठवडाभर निघत नाही. बूट घाला, जाड मोजे घाला, आणि पाणी दुप्पट न्या. आम्ही संध्याकाळी उन्हं उतरल्यावर गेलो. टेकाडाच्या पोटाला एका तरवडीच्या झुडपामागं बसलो. दादांनी बंदूक मांडीवर घेतली.

"साद घाला की," मी कानाशी म्हटलं.

"मला माझाच आवाज आयकू येत न्हाई," दादा म्हणाले. "तित्तर निघतंय का बेडूक, मला काय कळणार?"

मी म्हटलं, मी सांगते ना. त्यांनी खूप आढेवेढे घेतले. शेवटी दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि घातली साद. माझ्या अंगावर काटा आला, इतकी खरी. तित्तर तीन घावांत ओरडतो. दौंडकडे आम्ही म्हणतो तो 'कितीतरी, कितीतरी' म्हणतो. पहिला घाव हलका, दुसरा उंच, तिसरा तुटक. दादांचा एकूण एक घाव जागच्या जागी होता. मी म्हटलं, झकास, अगदी पहिल्यासारखी. दादांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

"तू माजी पोरगी. तू झकासच म्हननार."

मी हात टेकले. खोटं वाटणारं खरं कसं पटवून द्यायचं, सांगा. नेमकं त्या संध्याकाळी एकाही तित्तरानं उत्तर दिलं नाही. दादांनी तोही आपल्याच आवाजाचा दोष धरला. परतताना ते माझ्या पुढे चालत होते आणि त्यांच्या पाठीकडे बघून मला फार वाईट वाटलं. मीच आणलं होतं त्यांना इथं, आणि असलेलंही घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना आम्ही पुन्हा गायरानात होतो. यायचं नव्हतंच त्यांना, मावशीनं अक्षरशः हाताला धरून उठवलं. वाचकांनो, मार्चमध्ये माळावर जायचं तर याच वेळेला जा. गार वारा, बोरीवर होले, माळटिटवीची भांडणं, आणि ऊन यायच्या आधीचा तो तासभर सगळी पाखरं एकदम बोलतात. दादांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून मी एकेक त्यांच्या कानात सांगत होते. उजवीकडं होला. लांब टिटवी. मागं मेंढरं.

माझ्या समाधानासाठी म्हणून त्यांनी साद घातली. आणि उत्तर आलं.

मी दादांचा दंड धरला. डावीकडे, ओढ्यापलीकडच्या टेकाडामागून. त्यांना खरं वाटेना. पुन्हा घातली, पुन्हा उत्तर. आता दादांच्या चेहऱ्यावर जान आली. आम्ही वाकून ओढ्यात उतरलो. मी ऐकायचं, हातानं दिशा दाखवायची, दादांनी साद घालायची. पलीकडचा नरही पुढे सरकत होता. जरा वेळानं उजवीकडून आवाज आला, मग समोरून. अधूनमधून थांबायचा, मग पुन्हा. एकदा मला खोकल्यासारखा आवाज आला. मेंढरू असेल म्हणून मी सोडून दिला. शहाणपणाचा कळस! तासभर आम्ही असे कोपरांवर सरपटत होतो. ऊन चढलं, कुसळांनी साडीचा पदर भरून गेला, पण मला कशाची पर्वा नव्हती. तासभर माझा बाप तोंड उघडून होता.

शेवटी समोर वीस-पंचवीस पावलांवर तरवडीचं दाट झुडूप राहिलं. बुडखा हलला. दादांनी बंदूक खांद्याला लावली. मीही बघत होते, आणि झुडपाच्या शेंड्यातून निळसर धूर वर आला. बारीक, सरळ. वास आला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तित्तर बिडी ओढत नाही.

मी नळीवर हात मारून ती खाली दाबली आणि उभी राहून ओरडले की माणसं आहोत, गोळी घालू नका. झुडपातून एक म्हातारा उठला. डोक्याला मुंडासं, अंगावर घोंगडी, हातात ठासणीची बंदूक, ओठात बिडी. आणि तो माझ्यापेक्षा जास्त चिडलेला. तासाभरापासून तो एका नामी तित्तराच्या मागावर होता, आता हाताशी आलं होतं, आणि आम्ही कोण कुठले येऊन ते हाकललं, असं त्यानं ऐकवलं. वर विचारलं, कुठल्या गावचे, कुणाला विचारून आलात? माझंही टाळकं सरकलं. मी म्हटलं, गायरान आहे, कुणाच्या बापाचं नाही. मग तो कुठल्या तित्तराबद्दल बोलतोय ते माझ्या ध्यानात आलं.

"आबा," मी म्हटलं, "ते तित्तर म्हंजी आमचं दादा."

म्हाताऱ्याला आधी कळलं नाही. त्यानं दादांकडे बघितलं. दादांना तर काहीच ऐकू आलं नव्हतं, ते बंदूक खाली धरून आमची तोंडं बघत उभे. मी दादांच्या हाताला धरलं आणि साद घालायची खूण केली. त्यांनी तळवे तोंडाशी नेले. पहिल्याच घावाला म्हाताऱ्याच्या ओठातली बिडी खाली पडली. तो मटकन दगडावर बसला आणि इतका हसला, इतका हसला, की खोकला आला. तोच खोकला, माझं मेंढरू.

तो तिथल्याच एका शेतकऱ्याच्या घरातला होता, बागायती माणूस, गायरानाला लागून मळा. लोक त्याला आबाच म्हणत. साद तोही तोंडानंच घालायचा. तासभर दोघं म्हातारे एकमेकांना तित्तर समजून बोलावत होते आणि मी, कान शाबूत असलेली शिकलेली बाई, मधे बसून दिशा दाखवत होते. त्याच्या गावात म्हणे तित्तर 'पाटील हाय, पाटील हाय' म्हणतो. मनात आलं, इथं पाखरंसुद्धा पाटलाची हजेरी घेतात.

दादा माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या उजव्या कानाशी गेले आणि म्हटलं, ह्यांना तुम्ही तित्तर वाटलात. त्यांनी पुन्हा सांग म्हटलं. पुन्हा सांगितलं. मग ते माझ्या अंगावरून पुढे झाले आणि सरळ आबांसमोर जाऊन उभे राहिले. सहा-सात महिन्यांत परक्या माणसाशी ते पहिल्यांदा बोलत होते.

"आवाज बराबर निघतोय का माजा?"

"बराबर?" आबा म्हणाले. "न्हाई निघाला आसता तर मी ह्या वयात पोटावं सरपाटलो आसतो व्हय? बार घालनार व्हतो की तुमास्नी!"

आणि त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं. दोन्ही गुडघे सोललेले, त्यांत कुसळं आणि गोखरू रुतलेले. दादांना ऐकू आलं नव्हतं, पण गुडघे दिसले. ते खाली वाकून त्या गुडघ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. एखाद्यानं आपल्याला सन्मानपत्र द्यावं आणि आपण ते नीट वाचावं, तसे. मी कानात आबांचं वाक्य सांगितलं. दादांनी मला ते तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना मलाच रडू आलं. माझ्या हजार झकासपेक्षा त्या एका परक्या माणसाचं गोळी घालायला निघणं त्यांना पटलं होतं.

आबा आम्हाला मळ्यावर घेऊन गेले. खरं सांगते, चहा आला तेव्हा मी कपांकडे बघत होते. त्या काळी आमच्यासाठी कानतुटका कप वेगळा निघायचा, आणि तसा निघाला असता तर मी उठले असते, शिकार गेली खड्ड्यात. पण आबांनी फळीवरच्या सारख्या कपबशा काढल्या, दादांच्या हातात पहिली दिली आणि स्वतः शेवटची घेतली. मुद्दाम केलं की सहज, मला माहीत नाही. चहा गुळाचा होता आणि फार गोड होता. मग दोघांचं जे सुरू झालं! दादा मोठ्यानं बोलत होते, आबाही त्यांच्यासाठी म्हणून मोठ्यानं, आणि मोटेवरचे बैल थांबून बघत होते.

रविवारी पहाटे तिघं मिळून गेलो. दादा साद घालत, मी ऐकत, आबा जागा सांगत. एक खरा नर आला, मान ताठ करून, छाती काढून, बोरीखालून धावत. दादांनी एकच बार टाकला. मावशीनं त्याचं रस्सा कालवण केलं, लसूण-खोबऱ्याच्या वाटणातलं, आणि आबा मावशीच्या ओट्यावर बसून आमच्याबरोबर जेवले. ते त्या गावात तेव्हा किती मोठं होतं, हे ज्यांना कळायचं त्यांना कळेल. कालवण चांगलं झालं होतं, पण त्या तित्तराच्या जोडीदाराची साद दुपारपर्यंत त्या टेकाडावरून येत होती. ती मी दादांच्या कानात सांगितली नाही.

परतीच्या गाडीत दादा खिडकीशी बसले. पारगावच्या पुढे त्यांनी मला विचारलं की कासुर्डीच्या लोकांना पुण्याच्या माणसाचं पक्कं कळवलंय का. मी म्हटलं, अजून नाही. मग राहू दे, म्हणाले. एवढंच. मी भीतभीत विचारलं, लोक हसले तर? ते म्हणाले, त्या आबाला हसू आलंच की, पण आधी तो सरपटत आला. मग चौफुल्यापर्यंत ते झोपले आणि मी त्यांच्या झोपलेल्या तोंडाकडे बघत बसले.

आता जाणाऱ्यांसाठी. कवठ्याचं गायरान आज निम्मं राहिलंय, ओढ्याच्या अलीकडे वस्ती झालीय. पण मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात झुंजूमुंजूला पलीकडच्या टेकाडावर जाऊन बसलात तर तित्तर अजून ओरडतो. दुर्बीण न्या. मोबाइलवरून आवाज वाजवून त्याला बोलावू नका, अंड्यांचे दिवस असतात, उगाच त्याची धावपळ होते. मी मागच्या वर्षी गेले होते. बसवत नाही आता, काठी घेऊन उभीच राहिले. ऐकल्यावर मला माझंच हसू आलं, कारण त्यात मला 'कितीतरी'ही ऐकू येत होतं आणि 'पाटील हाय'सुद्धा.

लग्न वैशाखात झालं, दौंडात, आमच्याच वस्तीतल्या मांडवात. दादा पांढऱ्या कपड्यांत बुद्धाच्या मूर्तीशेजारी उभे राहिले, घसा साफ केला आणि त्रिशरण सुरू केलं. आवाज चढला. दुसऱ्या ओळीला आणखी चढला. मांडवाबाहेर सायकली थांबल्या. लोक एका जागी थांबले, पण दादा थांबले नाहीत, तेव्हा लोकांनीच पुन्हा धरून घेतलं आणि त्यांच्यामागं म्हणत राहिले. कुणी हसलं असेल तर मला दिसलं नाही, मला समोरचं काहीच दिसत नव्हतं.

सगळं आटोपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि उजवा कान पुढे केला.

"जोरात झालं का गं?"

"लई जोरात झालं, दादा."

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "पार मागच्या मानसापतुर गेलं आसंल."